गाठोड्यांचं हॉस्टेल

आषाढ उतरणीला लागला की माझा फोन तापायला लागतो. मी एका कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर आहे, खालापूरच्या टोलनाक्यापासून आत, डोंगराच्या बाजूला. खोल्यांचा ताबा कोणत्या तारखेपासून मिळेल ते आम्ही प्रवेशाच्या पत्रात छापतो, गेटवर चिकटवतो, पालकांच्या ग्रुपवर तीनतीनदा टाकतो. तरी फोन येतात. "मॅडम, सोडायला कधी आलेलं बरं पडेल?" पत्रात लिहिलंय तेव्हा आलेलं बरं पडेल, दुसरं काय! पण इतकं सरळ कुणाला नको असतं. एका गृहस्थांना एक्सप्रेसवेवर गर्दी नसेल तेव्हा यायचं असतं, म्हणजे आठवड्यातल्या मधल्या वारी. पण सुट्टी असेल तेव्हाच यायचं असतं, म्हणजे रविवारी. परवा एका बाईंनी तर मोबाईलवर सापडलेला एक लेखच मला पाठवला. हॉस्टेलात राहायला जाण्याची उत्तम वेळ कोणती, असा. खाली लिहिलं होतं, 'कृपया मार्गदर्शन करावे.' त्या लेखात लवकर जाण्याचे फायदे दिले होते आणि उशिरा जाण्याचेही फायदे दिले होते. लिहिणाऱ्यानं हॉस्टेल बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नसावं.

बाकीचे सगळे, चांगले शिकलेले, लठ्ठ पगाराचे, इंग्रजीत बोलता बोलता एकदम आवाज खाली आणतात आणि मराठीत विचारतात, "अमावास्या टळली की आलो तर चालेल ना?"

चालेल, मी म्हणते. फोन ठेवल्यावर जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग श्रावण लागतो आणि सगळे एकाच सकाळी येतात. शुभ वेळ सगळ्यांची एकच आणि गेटही एकच, त्यामुळे साडेदहा ते बारा या दीड तासात पन्नास गाड्या चिखलात एकमेकींच्या तोंडाशी तोंड देऊन उभ्या राहतात. टपावर गाद्या, गाद्यांवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधून गळणारं पाणी. आत आजी, आत्या, मामा, एखादा बारका कुत्रासुद्धा. प्रत्येक जण घड्याळ बघतोय, हॉर्न वाजवतोय, आणि ज्या मुलीसाठी हे चाललंय ती कानात बोंडं घालून शून्यात बघत बसलेली. शुभ वेळ निघून जाते, गाडी जागची हलत नाही. मी पोर्चमध्ये छत्री घेऊन उभी असते आणि मला आतून अगदी गार वाटतं. कबूल करते, वर्षातली ती माझी सर्वांत आवडती सकाळ आहे.

गेल्या वर्षी एकानं कमाल केली. चांगला दिवस आठ दिवस आधी होता आणि त्यांना येणं जमत नव्हतं, म्हणून त्यांनी मुलीची उशी कुरियरनं पाठवली. कुरियरवाला रेनकोटातून उशी काढून म्हणाला, "मॅडम, अकराच्या आत खोलीत ठिवायला सांगितलंय, फोटो काढून पाठवायचाय." मी ती उशी ऑफिसच्या कपाटात टाकली. पण ती उशी बघून माझं हसू गेलं, ते दिवसभर परत आलं नाही. अशा वस्तूंशी माझी जुनी ओळख आहे.

आमचं गाव लोधिवली. आप्पा मोहोपाड्याला कंपनीत होते, पॅकिंगच्या शेडमध्ये. त्या शेडला खिडकी नव्हती. ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला एक तुरट, नाकात बसणारा वास असायचा. आई सदरा बादलीत बुडवायची आणि आप्पा ओट्यावर उघड्या अंगानं वाऱ्याला बसायचे. आमच्या पणजोबांच्या पिढीनं देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून पाताळगंगेत सोडले होते. आमच्या घरात मुहूर्त, तिथी, वार यांतलं काहीही नव्हतं, आणि ते नाही याचा आप्पांना इतका अभिमान होता की तो अभिमानच आमचा देव्हारा झाला होता.

बारावीनंतर मला कर्जतच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि कॉलेजच्या हॉस्टेलात जागाही मिळाली. गावाबाहेर ओढ्यापलीकडे ते हॉस्टेल होतं. जी आधी येईल तिला हवी ती खाट. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आखाडात पोर घरातनं काढतात का कुनी?" एवढं पुरलं. आप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, आयुष्यात पहिल्यांदा तिथीसाठी बघितलं आणि बोट ठेवलं.

"अवसेला जायाचं," ते म्हणाले. "त्या दिवशी एक मानूस घराभाईर पडायचा नाय. सगळं हॉस्टेल तुजं. खिडकीची खाट घ्यायची आनि खिडकीपाशी बसून शिकायचं. काय समजलीस?"

मला समजलं होतं आणि मी हरखले होते. जगातले सगळे लोक मूर्ख आणि आम्ही तेवढे शहाणे, ही भावना सतरा-अठराव्या वर्षी फार छान वाटते. चौक गावातून एसटी धरली. ती खरंच रिकामी होती. आप्पा मधेच मला कोपरानं ढोसून रिकाम्या सीट दाखवत होते. डोंगरांवरून पांढरे ओहोळ उतरत होते, भातखाचरं काठोकाठ भरली होती. गटारी असल्यामुळे रस्त्याकडेच्या फार्महाऊसांच्या गेटांवर मुंबईच्या गाड्या लागल्या होत्या आणि पुरुष भर पावसात शर्ट काढून नाचत होते. "ही बग सुशिक्षित मानसं," आप्पा म्हणाले. माझी लोखंडी पेटी त्यांच्या मांडीवर होती.

हॉस्टेलवर फक्त हौसामावशी होती, झाडलोट करणारी आणि गेट सांभाळणारी. रेक्टरबाई श्रावणात येणार होत्या. मेसचा आचारी गटारी करायला गावी गेला होता. आप्पा दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले आणि पहिल्या मजल्यावरच्या खोलीच्या दारात थबकले. खोलीत चार खाटा. दोन खिडकीशी, दोन दाराशी, संडासाच्या भिंतीला लागून. खिडकीजवळच्या एका खाटेवर कोरी सुटकेस होती. दुसरीवर नव्या उशीच्या अभ्र्यात बांधलेलं गाठोडं, गाठीवर हळदीचे डाग. आप्पा शेजारच्या खोलीत गेले. तिथेही तेच. तिच्या पुढच्या खोलीतही. अख्ख्या हॉस्टेलात एक मुलगी नव्हती आणि एक खिडकी रिकामी नव्हती.

"हे कुनाचं सामान?" आप्पांनी विचारलं.

"परस्थान हाय ते," मावशी म्हणाली. "मागल्या आठवड्यात येक दिवस बरा व्हता. आईबाप आले, वस्तू ठिवून गेले. पोरी श्रावनात येतील. पन वस्तू आली म्हंजी पोरगी आलीच ना."

अशी ती चाल. चांगल्या वेळेला निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू त्या वेळेला पुढं पाठवायची, म्हणजे प्रवासाला आपण निघालो असं धरतात. मग अंगानं वाटेल तेव्हा जा. नशिबाला फसवायची ही युक्ती मला आज ऐकली तरी हसू येतं. ज्या शक्तीला घाबरायचं तिलाच उशी दाखवून गंडवायचं! पण त्या दिवशी गंडलो होतो आम्ही. आप्पांनी ते सगळं सोडून दिलं होतं आणि सोडलेल्या गोष्टीची माहिती कोण ठेवतो? लोक अमावास्येला घरात बसतात एवढंच त्यांना माहीत होतं; बसण्याआधी जागा धरून ठेवतात हे माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणारा माणूस नव्हता तो. त्यांनी माझी पेटी दाराजवळच्या खाटेखाली सरकवली आणि दुसऱ्या पाळीला पोचायचं म्हणून निघून गेले.

मंगल दुपारी आली. डोंगराखालच्या एका ठाकरवाडीतली, माझ्याच वर्गात प्रवेश घेतलेली. बरोबर तिचे वडील, डोक्यावरून खताच्या पिशवीची खोळ घेतलेले, किडकिडीत. त्यांना अमावास्येशी काही देणंघेणं नव्हतं. ते एका फार्महाऊसच्या बांधकामावर गवंड्याच्या हाताखाली होते आणि गवंडी अमावास्येला थापी हातात धरत नाही, म्हणून महिन्यातून तेवढा एक दिवस सुट्टी. बाकी कुठल्याही दिवशी खाडा केला तर मुकादम दुसरा माणूस घेई. त्यांनी पोत्यातून मंगलचं सामान काढून दिलं, खोलीच्या भिंतीवरून एकदा हात फिरवला, गिलावा कसा आहे ते बघितलं, आणि म्हणाले, "बरं हाय. ऱ्हा." वाडीवरून कॉलेजला रोज येणं शक्यच नव्हतं. पावसात तिकडे एसटी जात नसे. हॉस्टेल असेल तर मंगलचं शिक्षण, नाही तर नाही, इतकं ते साधं होतं.

ते गेल्यावर मंगलनं गाठोडं उचललं, माझ्या शेजारच्या, दाराजवळच्या खाटेवर ठेवलं आणि खिडकी उघडून बसली.

"अगं, ते कुणाचं तरी आहे," मी म्हटलं.

"हाय ना. हितं ठिवलंय. गाठोड्याला काय करायची खिडकी?"

मग मीही सुटकेस उचलली आणि दुसऱ्या खिडकीत बसले. माझ्या शहाण्या घरातल्या शहाण्या मला ते आधी सुचलं नव्हतं, हे मी तेव्हाच मनात नोंदवलं आणि विसरून टाकलं.

त्या दोन दिवसांसारखं सुख मला पुढे कुठल्याच हॉस्टेलात मिळालं नाही. ओल्या भिंतींचा चुनखडीचा वास, काथ्याच्या गाद्यांना सुटलेली कुबट ऊब, आणि खिडकीबाहेर हिरव्याचे इतके प्रकार की डोळ्यांना ओलं वाटावं. मंगलला प्रत्येक पाल्याचं नाव ठाऊक होतं. "ती कुरडू. तो टाकळा. ती नाय खायची, घसा खाजवतो." मी तिला माझ्या पुस्तकांवर कव्हरं घालायला शिकवलं. आमच्या भाकरी आणि सुकट पहिल्याच दिवशी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी जायला लागलं आणि गावात जायची वाट बंद झाली. मावशीनं कोरा चहा दिला. तिच्याकडे मागायची लाज वाटत होती; तिचा डबाच एवढासा होता.

दुपारी मंगलनं गाठोडं सोडलं. आत एक ड्रेस, मूठ-दोन मूठ तांदूळ, गुळाचा खडा, सुपारी, नारळ. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फोड." मीच म्हटलं. तिनं उंबऱ्यावर नारळ आपटला, पाणी माझ्या पेल्यात धरलं. तांदूळ पाण्यात भिजत घातले, खोबरं खिडकीच्या गजाच्या कडेला किसलं, गूळ चुरला. आम्ही दोघींनी एका ताटात ते खाल्लं आणि हसून हसून आमच्या पोटात दुखलं. "परस्थान खाल्लं," मी म्हणत होते, "आता ती मुलगी आपल्या पोटातूनच येणार!" आप्पांना सांगायला हा किस्सा केवढा भारी, असंही माझ्या डोक्यात आलं. मला तर वाटत होतं मी एक मोठं सामाजिक कार्य केलं आहे.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि शुभ सकाळी सगळ्या जणी आल्या. सुटकेसवालीनं सुटकेस जिथे दिसली तीच आपली खाट धरली, आणि माझी खिडकी माझ्याकडेच राहिली. गाठोड्याची मालकीण ऋतुजा, खालापूरच्या बाजारपेठेतली, गोरीपान, घाबरट मुलगी. तिच्या आईनं खोलीत पाऊल टाकलं, अभ्रा उचलून बघितला, त्यातून ड्रेस आणि सुपारी पडली. त्या बाई खाटेवर बसल्या आणि चक्क रडायला लागल्या. "माझ्या पोरीचा प्रवास मोडला! तिचं वर्ष वाया गेलं हो!" नारळ गेला म्हणून वर्ष वाया. मी पुस्तकात तोंड घालून बसले होते आणि मनात त्या बाईची यथेच्छ टर उडवत होते. मला अजूनही त्या बाईंची कीव येत नाही. ऋतुजा पुढे पहिल्या वर्गात पास झाली.

रेक्टरबाई आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "कुणी खाल्लं?"

मंगल उठून उभी राहिली. "मी."

"एकटीनं?"

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटतं, बघितलं असतं तर मी बोलले असते. हे मला वाटतं; खरं असेलच असं नाही. "व्हय," ती म्हणाली, "येकटीनं."

बाईंनी चोरी हा शब्द वापरला. तीन दिवसांत वडिलांना घेऊन ये, हमीपत्रावर सही पाहिजे, तोवर खोलीत राहायचं नाही. ऋतुजाच्या आई रडायचं थांबून ऐकत होत्या. मंगलनं पोत्यात सामान भरलं. मी तिला भरायला मदत केली. ही मदत मी केली, हे आठवलं की मला माझ्याच हातांचा राग येतो.

तीन दिवसांत वडील येणं शक्य नव्हतं, हे त्या खोलीत फक्त दोघींना माहीत होतं. एक ती, एक मी.

रविवारी आप्पा भेटायला आले. मी खिडकीशी बसले होते, त्याचा त्यांना आनंद झाला. मी त्यांना गाठोड्याचा किस्सा सांगितला, म्हणजे मंगलनं कसं खाल्लं तो. आप्पा गडगडून हसले. "खाल्लं ते बेस केलं! नारळ खायालाच असतो." मग हसायचे थांबले. "मंग त्या पोरीचं काय झालं गं?"

"घरी पाठवली. वडलांची सही पाहिजे. त्यांना सुट्टी मिळत नाही."

"येवढंच ना? मी करतो की सही. जामीन ऱ्हातो. चल, बाईंकडं जाऊ."

ते उठलेच. त्यांनी सदरा नीट केला, खिशातलं पेन चाचपलं. आप्पा बाईंसमोर गेले असते तर बाईंनी सगळं पुन्हा विचारलं असतं, आणि आप्पांनी माझ्याकडे वळून बघितलं असतं. आप्पांनी तोंडावर विचारलं तर मला खोटं बोलता येत नसे.

"नको आप्पा," मी म्हटलं. "बाई ऐकायच्या नाहीत. उगाच माझ्यावर राग धरतील."

आप्पा उभेच राहिले. मग खाली बसले. "तुजं शिक्षन महत्त्वाचं," ते म्हणाले, पण खिडकीबाहेर बघत म्हणाले. चौथ्या दिवशी प्रतीक्षा यादीतल्या मुलीला मंगलची खाट मिळाली होती हे त्यांना मी सांगितलं नाही.

मुहूर्त बघणाऱ्यांचा मला मनापासून तिटकारा आहे. तो लपवायची मला गरज वाटत नाही. मुलीला घराबाहेर काढताना भीती वाटते, हे सरळ सांगायची हिंमत नसते, म्हणून ती भीती तिथीच्या गळ्यात बांधायची. पण निदान ते भितात ते मुलीसाठी. मी भ्याले ती खिडकीच्या खाटेसाठी, आणि तेही सगळ्या अंधश्रद्धांवर हसून झाल्यावर. एवढा पुरोगामी भेकडपणा मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

श्रावण सरला. पिठोरी अमावास्येला दुपारी मी कॉलेजातून परत येत होते, तर गेटशी खताच्या पिशवीची खोळ घेतलेला माणूस उभा. मंगलचे वडील. आज गवंड्याचा खाडा होता.

"बाई हायत का? सही करायला आलोय," ते म्हणाले. सदरा धुतलेला होता. हातात कापडी पिशवी.

मी त्यांना सांगितलं की खाट दुसऱ्या मुलीला देऊन टाकली. कधी, ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. एक महिना उशीर झाला हे त्यांनाही कळत होतं, पण ज्या दिवशी येता येत होतं त्या दिवशी ते आले होते. मंगल कुठे आहे, मी विचारलं. "भाताच्या बेननीला जाती," ते म्हणाले. "आता पुढल्या सालाला बघू." पुढच्या साली मंगल आली नाही. तिचं लग्न झाल्याचं हौसामावशीकडून कळलं.

त्यांनी पिशवीतून नारळ काढला. मोठा, सोललेला, शेंडी ठेवलेला. "त्या पोरीला दे. आमच्याकडं कुनाचं खाल्लेलं ऱ्हाऊ नये." मग जरा घुटमळून म्हणाले, "मंगल तुजं नाव काढती गं. म्हनं, त्या पोरीनं येक घासबी नाय खाल्ला. मीच सगळं खाल्लं, तिला कुनी बोल लावू नका. आसं सांगून ठिवलंय तिनं घरात. तू नायच ना खाल्ला?"

"नाही," मी म्हटलं.

"शान्या घरची हायस," ते म्हणाले आणि पावसात निघून गेले.

नारळ मी वर नेला आणि ऋतुजापुढे धरला. कुणी दिला ते सांगितलं. तिनं हात मागे घेतला. "आज अमावास्या आहे ना? नको बाई, आई ओरडेल. तुम्हीच खा."

खोलीतल्या मुलींना तेवढंच हवं होतं. त्यांनी तो उंबऱ्यावर फोडला आणि मीठ लावून वाटला. माझा वाटा मी खिडकीशी बसून खाल्ला. खोबरं गोड होतं.